सह्याद्रीत कॉटेज भाड्याने घ्यायचंय: मोले, बोंडला की खोतीगाव?

म्हापसेकर
नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत भाऊ-वहिनी पुण्याहून येताहेत. दर खेपेला कळंगुट-बागा होतं, यंदा डोंगराकडे दोन रात्री काढायच्या असं घरात ठरलंय. सोबत आई आहे, तिचे गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत. मुलांत थोरला दहावीत, धाकटी दुसरीत. नेटवर पाहिलं तर जंगल कॉटेज नावाची ढीगभर ठिकाणं दिसतात. त्यातली वनखात्याची कुठली, खासगी कुठली आणि राष्ट्रीय उद्यानात खरोखर कुठली आहेत याचा पत्ता लागत नाही. दूधसागराच्या जवळ, अगदी रानात कॉटेज मिळालं तर फार बरं. आईसाठी कमोड हवा, जेवणाची सोय हवी. कोणी राहून आलं असेल तर सविस्तर लिहा.

रानवाट
म्हापसेकर, आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे पुढचा शोध सोपा होईल. गोव्यात राष्ट्रीय उद्यान एकच, मोल्याचं. भगवान महावीर अभयारण्य आणि ते उद्यान मिळून 240 चौरस किलोमीटरचं रान आहे, त्यातला 107 चौरस किलोमीटरचा गाभा 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. दूधसागर त्याच पट्ट्यात, कर्नाटकाच्या हद्दीला टेकून. त्या गाभ्यात, धबधब्याच्या आसपास, पर्यटकांना भाड्याने मिळेल असं एकही कॉटेज नाही. कोणी "आत सोय करून देतो" म्हणाला तर त्याला आगाऊ पैसे देऊ नका.

राहायची सोय आहे ती मोले गावाकडच्या कडेला. पणजी-बेळगाव हमरस्त्यावर वनखात्याचं चेकपोस्ट आहे, निसर्ग माहिती केंद्रही तिथेच आहे, आणि मुक्कामाच्या जागा त्याच बाजूला. पर्यटन महामंडळाचं दूधसागर नावाचं निवासस्थानही मोल्यातच आहे. पणजीहून साठेक किलोमीटर. तिथे राहायचं, सकाळी परवाना काढून आत जायचं आणि अंधार पडायच्या आत बाहेर यायचं, अशी ही रीत आहे.

ही कुणाची अडवणूक नव्हे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं 27 वं कलम अभयारण्यात शिरण्यावर बंधन घालतं आणि 28 वं कलम परवाना कशाकशासाठी देता येतो ते सांगतं. पर्यटन त्यात आहे. म्हणजे आपण आत जातो ते पाहुणे म्हणून. माझं स्पष्ट मत आहे की मुक्काम कडेलाच असावा. गवा, सांबर, बिबट्या यांची सगळी वर्दळ रात्रीची असते, त्या वेळी रान त्यांच्याकडे सोडलेलं बरं.

आरक्षण वनखात्याच्या वन्यजीव विभागाकडे आधी करायचं, मोठ्या माणसांची ओळखपत्रं जवळ ठेवायची. दारात जाऊन खोली मागितली तर सुट्टीच्या दिवसांत हात हलवत परत यावं लागतं.

तिस्कनाका
आई आणि दुसरीतली मुलगी बरोबर असेल तर माझं मत डोळे मिटून बोंडला. आठच चौरस किलोमीटरचं छोटं अभयारण्य. कॉटेज आहेत, छोटं प्राणिसंग्रहालय आहे, बाग आहे, आणि या सगळ्यांत चालणं थोडं. उसगाव-तिस्कावरून आत वळलं की शेवटचा चढ वळणावळणाचा लागतो, पण गाडी थेट वर जाते. एक लक्षात ठेवा, गुरुवारी ते बंद असतं. दरवर्षी कोणी ना कोणी गुरुवारी पोरांना घेऊन येतं आणि फाटकावरून मागे फिरतं.

खरी मजा संध्याकाळी, दिवसाची माणसं उतरून गेल्यावर. गाड्यांचा आवाज थांबला की पंधरा-वीस मिनिटांत पाखरं खाली येतात. सकाळी चहा घेऊन पायरीवर बसलात तर गोव्याचा राज्यपक्षी दिसण्याची शक्यता चांगली. काळं डोकं, गळ्यावर नारिंगी ठिपका आणि बाकी पिवळाधम्मक बुलबुल. फळं लागलेलं झाड हेरून तिथे नजर ठेवा.

काणकोणकार
उत्तर गोव्याचे लोक खोतीगाव नेहमी विसरतात, म्हणून लिहितो. 86 चौरस किलोमीटर, 1968 पासूनचं अभयारण्य, काणकोणात पैंगीणच्या बाजूला. हमरस्त्यापासून जवळ असल्याने म्हाताऱ्या माणसांना त्रास नाही. कॉटेज प्रवेशद्वारापाशीच आहेत. आत 25 मीटर उंचीचं मचाण आहे. त्यावर आईंनी चढू नये, पण दहावीतल्या मुलाला पहाटे नक्की न्या.

खोतीगावची झाडं बघण्यासारखी. माट्टी, किंदळ, नाना, आणि खोड दोन माणसांच्या कवेत न मावणारं. माट्टी म्हणजे घाटावर ऐन म्हणतात ते झाड, गोव्याचा राज्यवृक्ष. उन्हाळ्यात पान गळतं तेव्हा लांबवरचं दिसतं, जनावर दिसायला तेच दिवस बरे. दिवाळीत मात्र रान दाट असतं, तेव्हा प्राणी दिसतील या आशेवर मुलांना नेऊ नका, नाहीतर ती हिरमुसतात. पाखरं, फुलपाखरं आणि कोळी बघायला न्या. जेवण आधी सांगून ठेवावं लागतं, ऐनवेळी गेलात तर चावडीवर, म्हणजे काणकोणच्या बाजारात, येऊन खावं लागेल.

म्हापसेकर
सगळ्यांचे आभार. रानवाट, तुम्ही सांगितलं ते कोणत्याच जाहिरातीत नव्हतं. मग मोल्याला राहून दूधसागर करता येईल का? आईला जमेल?

कुळेकर
आमच्या गावचा विषय निघाला म्हणून लिहिते. दूधसागराच्या जीप कुळ्याहून सुटतात, मोल्याहून कुळे पाच-सहा किलोमीटर. पावसाळा संपला, नदीचं पाणी उतरलं की साधारण ऑक्टोबरात त्या सुरू होतात आणि मेअखेरपर्यंत चालतात. वाटेत जीप पाण्यातून जाते, रस्ता सगळा दगडधोंड्यांचा. ज्यांच्या कमरेला, मानेला त्रास आहे त्यांना मी कधीच "चला" म्हणत नाही. शिवाय जीप जिथे थांबते तिथून धबधब्यापर्यंत चालावं लागतं, तेही खडकांवरून, आणि खडक ओले. गुडघे दुखणाऱ्या आईंना ते जमणार नाही, खरंच सांगते. तुमच्यातल्या एकाने आईंबरोबर थांबावं आणि बाकीच्यांनी जाऊन यावं. सकाळी लवकर या, दिवाळीत जीपची रांग मोठी असते.

आईंना तांबडी सुर्ल्याला न्या. मोल्याहून 12-13 किलोमीटर, गाडी देवळाच्या जवळ जाते आणि पुढची वाट सपाट आहे. कदंब काळातलं महादेवाचं देऊळ, 12व्या-13व्या शतकातलं. काळ्या बेसाल्टचं आहे. आपल्याकडे सगळा जांभा, तेव्हा हा दगड घाटावरून आणला असावा असं जाणकार मानतात. देवळापाशी ओहोळ आहे, बसायला सावली आहे. आमच्या आजीला तिथे नेलं की ती उठायला तयार नसायची.

रेल्वेने धबधबा बघायचा असेल तर गाडीत बसूनच बघा. रुळांवर उतरून चालत जाणाऱ्यांची 2023 च्या पावसाळ्यात एवढी गर्दी झाली की रेल्वेला कारवाई करावी लागली. दोन्ही बाजूंनी गाड्या येतात, धबधब्याच्या आवाजात भोंगा ऐकू येत नाही. आम्ही गावातली माणसं हे डोळ्यांनी बघतो आणि काळीज हलतं.

शनिवाररविवार
याच धाग्यात विचारतो. आम्ही मित्रमंडळी मिळून डिसेंबरात येणार. मोल्याला किंवा बोंडल्याला रात्री शेकोटी पेटवून गाणी-बिणी करता येतात ना? स्पीकर छोटाच आहे.

वणवा_नको
नाही, आणि कृपा करून तसा बेतही करू नका. अभयारण्यात आग लावणं, पेटवणं, पेटती वस्तू टाकून येणं हे कायद्याच्या 30व्या कलमाने गुन्हा आहे. कॉटेजच्या अंगणात का होईना, झाडी दहा पावलांवर असते. 2023 च्या मार्चमध्ये म्हादईच्या रानात वणवे लागले तेव्हा नौदल आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी घेऊन फिरत होती. मी त्या दिवसांत तिथेच, सत्तरी तालुक्यात होते. धुरामुळे सकाळी सूर्य तांबडा दिसायचा. विझवायला गेलेली माणसं कुठल्याही बड्या यंत्रसामग्रीने नव्हे, तर ओल्या फांद्यांनी झोडपत होती. वाघेरीच्या उतारावर जळून काळी झालेली घरटी मी हातात घेतली आहेत.

डिसेंबरात गवत अजून ओलसर असतं हे खरं, पण एकदा सवय लागली की तोच माणूस मार्चमध्येही काडी ओढतो.

गाण्यांचं म्हणाल तर स्पीकर घरी ठेवा, गळ्यातून गा, नऊपर्यंत, बसलेल्या खोलीपुरतं. शेजारच्या कॉटेजमध्ये कोणी घुबडाचा आवाज ऐकायला लांबून आलेलं असतं.

शनिवाररविवार
समजलं. वणव्याचं एवढं ठाऊक नव्हतं. स्पीकर रद्द.

दिवाबत्ती
वणवा_नको यांना अनुमोदन. आणि खासगी "जंगल रिसॉर्ट" बद्दलही लिहायला हवं. गेल्या वर्षी आम्ही अभयारण्याच्या हद्दीला लागून असलेल्या एका खासगी जागी राहिलो, नाव घेत नाही. फोटोत नुसतं रान. प्रत्यक्षात ओहोळाच्या काठावर फ्लडलाइट, रात्री अकरापर्यंत डीजे, आणि कचरा मागच्या खड्ड्यात. सकाळी उठलो तर माकडं त्या खड्ड्यातून प्लास्टिकच्या पिशव्या ओढत होती. एका पिल्लाने बिस्किटाचं वेष्टन तोंडात धरलं होतं, आई ते काढायला बघत होती. माझ्या मुलीने विचारलं, "आता ते खाणार का?" मी तिला काय सांगणार?

आता बुकिंगआधी मी सरळ फोन करून विचारते की रात्री बाहेर किती दिवे असतात, संगीत असतं का, कचरा कुठे जातो. ज्याला हे प्रश्न आवडत नाहीत त्याच्याकडे जायचं नाही.

रानवाट
दिवाबत्ती, प्रश्न अगदी योग्य. कायद्यातली एक बाब जोडतो. 33व्या कलमानुसार अभयारण्याच्या आत व्यापारी हेतूने पर्यटक निवास किंवा हॉटेल बांधायचं तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची पूर्वपरवानगी लागते. 2022 च्या दुरुस्तीत सरकारी निवासही त्यात स्पष्टपणे आले. म्हणजे सरकारलाही मनाला येईल तिथे कॉटेज उभारता येत नाहीत. मला ही दुरुस्ती फार मोलाची वाटते. मोल्याच्या रानाने आधीच पुष्कळ सोसलंय. हमरस्ता रुंद करणं, 400 केव्हीची वीजवाहिनी आणि रेल्वेचा दुपदरी मार्ग असे तीन प्रकल्प 2020 मध्ये एकदम पुढे आले, तेव्हा शाळेतल्या मुलांपासून शास्त्रज्ञांपर्यंत सगळे उभे राहिले. कासलरॉक-कुळे रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये रद्द केली. हे रान असं वाचवलेलं आहे, त्यात आपण दोन रात्री राहायला जातोय.

सांग्याचो
दुसरी बाजू मांडतो, रागावू नका. आमचं गाव नेत्रावळी अभयारण्याच्या पट्ट्यात. 211 चौरस किलोमीटरचं अभयारण्य 1999 मध्ये झालं, पण आत राहणाऱ्यांच्या हक्कांचं घोंगडं इतकी वर्षं भिजत पडलंय. उच्च न्यायालयाने जुलै 2023 मध्ये व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायला सांगितलं तेव्हा हक्कांचे दावेही निकाली काढायला सांगितलं होतं. पुढे सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. आम्ही आपले काजू, सुपारी, मिरी बघत बसलो.

शहरातले लोक म्हणतात आत राहू नये. पण आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या आतच आहोत. पाहुण्याने सरकारी कॉटेजचं भाडं भरलं तर ते खजिन्यात जातं. आमच्या घरातली एक खोली दिली, घरचं शीत-कडी, म्हणजे भात-कालवण, वाढलं, बागायत दाखवली, तर ते पैसे गावात राहतात. तरुण पोर कामासाठी वेर्ण्याच्या कारखान्यात जायचं थांबतं आणि रानाकडे लक्ष ठेवतं. वणवा दिसला तर पहिला धावतो तो गावकरीच.

वणवा_नको
सांग्याचो, हे शंभर टक्के खरं. सत्तरीत आग विझवायला सर्वांत आधी गावातलीच माणसं गेली होती. माझा विरोध नव्या काँक्रीटला आहे, तुमच्या घराला नाही. घर आहे, अंगण आहे, तिथे पाहुणा राहिला तर रानाचा एक इंचही कमी होत नाही.

रानवाट
मीही हेच म्हणतो. कडेचा मुक्काम म्हणताना गावातलं घर माझ्या मनात होतंच, ते लिहायला हवं होतं. म्हापसेकर, पुढच्या खेपेला नेत्रावळीत कोणाच्या घरी राहा. गोपीनाथाच्या देवळासमोरची बुडबुड्यांची तळी मुलांना फार आवडेल. पायरीवर बसून टाळी वाजवायची आणि तळातून वर येणारे बुडबुडे बघायचे.

सांग्याचो
या. बुडबुड्यांना टाळी कळते की नाही ते मुलांनाच ठरवू द्या. सावरीचा धबधबा नोव्हेंबरातही वाहतो, पण पाण्यात उतरायचं तर त्या आठवड्यात परवानगी आहे का ते वनरक्षकाला विचारा. 2023 च्या जुलैत मैनापीवर दोघं बुडाले, तेव्हापासून नियम कडक झाले. ते कडकच असावेत.

डॉक्टरबाई
थोडं तब्येतीचं. दिवाळीत जळवा कमी झालेल्या असतात, पण ओहोळाकाठी असतातच. लहान मुलीला लांब मोजे घाला. जळू चिकटली तर ओढू नका, नखाने बाजूने सरकवली की सुटते. रक्त थोडं जास्त वेळ वाहतं, घाबरायचं नाही.

माकडताप हा गंभीर विषय आहे. सत्तरीत 2015 पासून त्याचे रुग्ण सापडले. गोचिडीतून पसरतो, आणि जोर असतो तो साधारण जानेवारी ते मे. त्या दिवसांत पाचोळ्यात बसायचं, लोळायचं नाही. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वनखात्याला कळवायचं. राहून आल्यावर आठवडाभरात जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरला रानात गेल्याचं आवर्जून सांगा.

सापाचं सर्वांत महत्त्वाचं. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनवलेलं असतं. आपल्या घाटातले चापडे, म्हणजे हिरवा-पिवळा-तपकिरी मलबारी चापडा आणि नाक वर वळलेला छोटा चापडा, त्यात येत नाहीत. तरीही इस्पितळात जायचंच, कारण सूज, रक्त गोठणं, मूत्रपिंड यांवर उपचार तिथेच होतात. ब्लेड नको, घट्ट दोरी नको, पाय हलवू नका, 108 ला फोन. मोल्याहून फोंड्याचं सरकारी इस्पितळ जवळ, पुढे बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ.

चापडा पळत नाही, जागच्या जागी बसून राहतो, म्हणून रात्री बॅटरीशिवाय पायरीवरसुद्धा पाय टाकायचा नाही. कॉटेजच्या कठड्यावर, कुंडीच्या काठावर, नळाच्या पाइपावर हात ठेवण्याआधी उजेड पाडा.

काजवा
पाऊस संपल्यावरच जायचं असं कशाला? मला तर तीन वेगवेगळे मोसम आवडतात. मेअखेर ते पहिला पाऊस, काजवे. जुलैत कुजलेल्या फांद्यांवरची अळंबी अंधारात हिरवट उजळतात. बॅटरी बंद करून डोळे अंधाराला सरावू द्यायचे, पाच-दहा मिनिटं लागतात, मग दिसू लागतं. आधी वाटतं भास आहे. बोट जवळ नेलं की बोटाची कड दिसते, तेव्हा खात्री पटते. फांदी उचलून घरी आणायची नाही, बाहेर काढली की ते विझतं.

आणि जानेवारी-फेब्रुवारीत उडता सरडा. खोडाच्या रंगाचा असतो, शोधून सापडत नाही. पण नर गळ्याखालची पिवळी पट्टी उघडतो-मिटतो, त्यावर नजर खिळवायची. उघडली, मिटली, उघडली, आणि मग एकदम बरगड्यांवरची कातडी पसरून समोरच्या झाडावर तरंगत जातो. आमच्या धाकट्याने तो पाहिला आणि दोन दिवस मोबाइल मागितला नाही.

पावसाळ्यात मात्र कॉटेज चालू आहेत का, रस्ता आहे का, हे विचारूनच निघा. घाटात पाऊस समुद्रकाठच्यापेक्षा कितीतरी जास्त.

म्हापसेकर
मंडळी, घरी सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. आईने तांबडी सुर्ला ऐकलं आणि तिचा निर्णय झाला. बेत असा: पहिली रात्र बोंडला, दुसरी मोले. गुरुवार टाळलाय. मोल्याच्या सकाळी भाऊ, वहिनी आणि थोरला कुळ्याहून जीपने जातील, मी, बायको आणि धाकटी आईबरोबर देवळात. वनखात्याच्या कार्यालयात जाऊन आलो, तिथल्या बाईंनी शांतपणे समजावलं, तळमजल्याची खोली मागितली ती मिळाली. नेत्रावळी उन्हाळ्यात, सांग्याचोंच्या बागेत काजूची बोंडं असताना.

एकच शंका राहिली. किराणा नेऊ का, की तिथे जेवण मिळेल?

कुळेकर
मोल्याच्या नाक्यावर भाजी-पाव, जेवण मिळतं, पण संध्याकाळी लवकर आटपतात. आईंना पेज लागत असेल तर थोडे तांदूळ आणि मीठ-मिरची बरोबर ठेवा, स्वयंपाकी चांगले असतात, विचारलं की करून देतात. उरलेलं खरकटं बाहेर ठेवू नका, झाकणाच्या डब्यात. रात्री उदमांजर येतं, सकाळी माकडं. आणि बुकिंगची पावती कागदावर छापून न्या, तिथे फोनला रेंज येते-जाते.

तिस्कनाका
बोंडल्याला दुपारीच पोचा. धाकटीला गवा फाटकाच्या आतल्या कुंपणात जवळून बघता येईल, मग रानात दुरून दिसला तरी ती ओळखेल.

म्हापसेकर
झालं. पावती छापली. आल्यावर खोल्यांचे, पाण्याचे, कमोडचे सगळे तपशील याच धाग्यात टाकतो, म्हातारी माणसं घेऊन जाणाऱ्या पुढच्या कोणालाही उपयोगी पडतील.